कर्नेलची जुळणी : निगडीच्या लॅबपासून चाकणच्या गाडीपर्यंत

सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या माहिती तंत्रज्ञान शाखेत, तिसऱ्या वर्षाच्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या प्रात्यक्षिकांत गेल्या दशकात एक प्रयोग होता. लिनक्सच्या कर्नेलमध्ये स्वतःचा एक नवा सिस्टिम कॉल घालायचा, सगळा कर्नेल पुन्हा कंपाइल करायचा, तो संगणकावर बसवायचा आणि सी भाषेतल्या चार ओळींच्या प्रोग्रॅमने तो कॉल चालतो हे सरांना दाखवायचे. कर्नेल कोणताही घ्या, प्रोसेसर कोणताही, डिस्ट्रिब्युशनही कोणतेही. पण कंपाइल स्वतः करा. निगडी, आकुर्डी, पिंपरीतल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांतून बाहेर पडलेल्या कित्येक मुलामुलींनी आयुष्यातला पहिला कर्नेल बांधला तो असा, सबमिशनच्या धाकाने.

त्यानंतर नोकरी हिंजवडीत लागो, भोसरीत की चाकणला, हा कर्नेल पुन्हा कुठेतरी भेटतोच. कधी सीएनसी मशीनच्या कंट्रोलरमध्ये, कधी गाडीच्या डॅशबोर्डवरच्या पडद्यामागे. सोर्स कोड तोच असतो, बांधणीच्या पायऱ्याही जवळपास त्याच. बदलत जातो तो एक प्रश्न: बांधलेला कर्नेल बसवण्याची मुभा कोणाला? कॉलेजच्या लॅबमध्ये ती विद्यार्थ्याला असते, वर्कशॉपमध्ये मालकाला, आणि गाडीत मात्र ती गाडीच्या मालकालाही नसते.

आधी कर्नेल म्हणजे काय

संगणकात एकाच वेळी शंभर जण काहीतरी मागत असतात. ब्राउझरला मेमरी हवी, गाणे वाजवणाऱ्या प्रोग्रॅमला दर काही मिलिसेकंदांनी प्रोसेसर हवा, प्रिंटरला डेटा हवा. कोणाला किती वेळ द्यायचा, कोणाला कुठली जागा द्यायची, हे कर्नेल ठरवतो आणि हार्डवेअरला हातही तोच लावतो. शॉप फ्लोअरवर कुठला जॉब कुठल्या मशीनवर आधी चढणार हे जसे सुपरवायझर ठरवतो, तसे. बाकीच्या प्रोग्रॅमनी त्याच्याकडे रीतसर मागणी करायची. ही मागणी म्हणजे सिस्टिम कॉल.

लिनक्सचा कर्नेल हेलसिंकीतल्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने १९९१मध्ये लिहायला घेतला. त्या सप्टेंबरात आलेल्या पहिल्या आवृत्तीत सुमारे दहा हजार ओळी होत्या. २०२५च्या सुरुवातीला हा आकडा चार कोटींच्या पुढे गेला. त्यातला निम्म्याहून अधिक भाग ड्रायव्हरचा, म्हणजे निरनिराळ्या कंपन्यांच्या नेटवर्क कार्डांशी, डिस्कशी, पडद्यांशी, सेन्सरशी बोलणाऱ्या कोडचा. अँड्रॉइड फोनच्या सेटिंग्जमध्ये 'अबाउट फोन'मध्ये शिरून पाहिले, तर कर्नेल व्हर्जन नावाची एक ओळ दिसते. महाराष्ट्रातल्या कोट्यवधी खिशांत हाच कर्नेल आहे.

१९९२पासून तो जीपीएल या परवान्याखाली मिळतो. ज्याच्या हाती तयार कर्नेल येईल त्याला त्याचा सोर्स मागण्याचा हक्क आहे, असे हा परवाना सांगतो. नुसता कोड देऊनही भागत नाही. तो कंपाइल करायला आणि बसवायला लागणाऱ्या स्क्रिप्टही द्याव्या लागतात. नकाशा दिला पण मापे दिली नाहीत, असे चालत नाही.

तीन फाइली आणि हजारो प्रश्न

कर्नेलचा सोर्स दोन वाटांनी मिळतो. एक, थेट कर्नेल डॉट ऑर्ग या मूळ ठिकाणाहून: दीडशे एमबीच्या आसपासची एक दाबलेली फाइल, उलगडली की दीड जीबीच्या घरात जाणारी. दुसरी वाट डिस्ट्रिब्युशनच्या, म्हणजे कर्नेल आणि बाकीचे प्रोग्रॅम एकत्र देणाऱ्या तयार संचाच्या, सोर्स पॅकेजची. डेबियन या डिस्ट्रिब्युशनमध्ये 'एपीटी सोर्स लिनक्स' असे म्हटले की मुख्यतः तीन फाइली उतरतात. पहिलीत मूळ लेखकांचा कोड असतो. दुसरीत डेबियनने त्यावर केलेले बदल आणि बांधणीची कृती वेगळी ठेवलेली असते. तिसरी छोटी फाइल म्हणजे या दोघींचे वर्णन, सोबत त्यांचे हॅश, म्हणजे पडताळणीचे आकडे, आणि बांधणाऱ्याची डिजिटल सही. मूळ काय आणि वरून घातलेले काय, हे कोणालाही पडताळता यावे म्हणून ही विभागणी.

मग येतो खरा वेळखाऊ भाग: कॉन्फिगरेशन. 'मेक मेनूकॉन्फिग' ही आज्ञा दिली की निळ्या पडद्यावर करड्या चौकटीत एक यादी उघडते. बाणांच्या कळांनी खाली-वर जायचे, एंटर दाबून एकातून दुसरी, दुसरीतून तिसरी यादी उघडायची. बहुतेक प्रश्नांना तीन उत्तरे असतात. 'वाय' म्हणजे हा भाग कर्नेलच्या आतच घ्या. 'एन' म्हणजे नको. 'एम' म्हणजे मॉड्यूल करून बाजूला ठेवा, लागेल तेव्हा चढवू. असे पर्याय पंधरा हजारांहून जास्त आहेत, आणि सगळे वाचून उत्तरे देणारा माणूस सहसा भेटत नाही. व्यवहारात चालू कर्नेलची कॉन्फिग फाइल 'बूट' या फोल्डरमधून उचलायची, नव्या सोर्समध्ये 'डॉट कॉन्फिग' नावाने ठेवायची, आणि नव्याने आलेल्या प्रश्नांना ठरलेली उत्तरे द्यायला सांगायचे.

याहून सोपा एक मार्ग आहे आणि त्यात एक खड्डाही आहे. 'लोकलमॉडकॉन्फिग' ही आज्ञा या क्षणी कोणती मॉड्यूल वापरात आहेत ते पाहते आणि बाकीची गाळून टाकते. कर्नेल एकदम सडपातळ होतो, कंपाइलचा वेळ निम्म्याहून खाली येतो. पण भोसरीतल्या एखाद्या वर्कशॉपचा संगणक डोळ्यांसमोर आणा. जुन्या व्हीएमसीला, म्हणजे उभ्या मिलिंगच्या सीएनसी मशीनला, प्रोग्रॅम पाठवायला तिथे आरएस-२३२ची केबल लागते. नव्या संगणकाला तसला पोर्टच नसतो, म्हणून मधे यूएसबी कन्व्हर्टर लावलेला असतो, बहुधा सीएच३४० चिपचा, बाजारात सहज मिळणारा. कर्नेल बांधताना ही केबल खणात पडलेली असेल, तर तिचा ड्रायव्हर गाळला जातो. नवा कर्नेल झकास चालू होतो, इंटरनेट चालते, आवाज येतो. आणि दुसऱ्या दिवशी पहिल्या पाळीचा ऑपरेटर केबल लावतो तेव्हा पोर्टच दिसत नाही.

डेबियनवाल्यांना हमखास आडवी येणारी आणखी एक अडचण म्हणजे सर्टिफिकेटची. डेबियनच्या कॉन्फिग फाइलमध्ये त्यांच्या स्वतःच्या सर्टिफिकेटचा पत्ता लिहिलेला असतो. ती फाइल मूळ सोर्समध्ये नसते. त्यामुळे कंपाइल व्यवस्थित चाललेले असताना मध्येच थांबते आणि '.पेम' शेपटीची कुठलीशी फाइल बनवण्याचा नियम सापडत नाही म्हणून तक्रार करते. उपाय एका ओळीचा आहे: कॉन्फिगमधले ते अवतरणचिन्हातले नाव पुसून जागा रिकामी ठेवायची.

बांधणी

'मेक -जे८ बिनडेब-पीकेजी' अशी आज्ञा सुटली की पडद्यावर ओळींचा पाऊस सुरू होतो. प्रत्येक ओळीच्या आरंभी 'सीसी' ही दोन अक्षरे, पुढे एखाद्या फाइलचे नाव. मध्येच 'एआर', 'एलडी' डोकावतात: कंपाइल झालेले तुकडे गोळा करून सांधल्याची ती खूण. 'जे'पुढचा आकडा एका वेळी किती कामे चालवायची ते सांगतो. आठ कोअरच्या प्रोसेसरला आठ. साध्या लॅपटॉपवर पूर्ण कॉन्फिगरेशनला तासच्या तास लागतात, दणकट सर्व्हरवर काही मिनिटे पुरतात. डीबगची माहिती काढून टाकली नाही तर डिस्कवर वीस-पंचवीस जीबी जागा सहज फस्त होते, आणि बांधणी अर्ध्यावर आली असताना 'जागा शिल्लक नाही' असा निरोप येतो.

मध्येच वीज गेली तर? फार बिघडत नाही. 'मेक' प्रत्येक फाइलची वेळ तपासून पाहतो. कंपाइल झालेल्या तुकड्यांना पुन्हा हात लावत नाही, राहिलेल्यांपासून पुढे सुरू करतो. सुमारे पन्नास वर्षांपूर्वी बेल लॅब्जमध्ये स्टुअर्ट फेल्डमन यांनी लिहिलेल्या या साधनावर आजही लिनक्सची सगळी बांधणी उभी आहे.

शेवटी हाती येतात त्या काही डेब फाइली, म्हणजे डेबियनची पॅकेज. एकीत कर्नेल आणि मॉड्यूल, दुसरीत बाहेरचे ड्रायव्हर बांधायला लागणाऱ्या हेडर फाइली. एकेकाळी डेबियनवर हे काम मनोज श्रीवास्तव यांनी लिहिलेले 'मेक-केपीकेजी' हे साधन करत असे, आणि त्या काळच्या मंडळींच्या बोटांना तीच आज्ञा वळणाची होती. आता पॅकेज बांधण्याची सोय कर्नेलच्या सोर्समध्येच आहे. पॅकेज करून बसवण्याचा फायदा सरळ आहे: कुठली फाइल कुठे गेली याची नोंद राहते, नको झाला की कर्नेल एका आज्ञेने निघतो, आणि एका संगणकावर बांधलेली डेब फाइल लॅबमधल्या तीस संगणकांवर बसवता येते.

बसवणे आणि गुरुवारची सुटी

'डीपीकेजी -आय' म्हटले की कर्नेलची प्रतिमा 'बूट'मध्ये जाते आणि मॉड्यूल आवृत्तीच्या नावाच्या वेगळ्या फोल्डरमध्ये. पाठोपाठ दोन कामे आपोआप होतात. पहिले, 'इनिटरॅमएफएस' ही छोटी तात्पुरती फाइल सिस्टिम तयार होते. मुख्य डिस्क वाचण्यासाठी लागणारे ड्रायव्हर तिच्यात असतात. दुसरे, ग्रब या बूटलोडरच्या यादीत नव्या कर्नेलचे नाव चढते. जुना कर्नेल जागेवरच राहतो. नवा रुसला, तर ग्रबच्या 'अॅडव्हान्स्ड ऑप्शन्स'मध्ये जाऊन जुना निवडायचा आणि पुन्हा कामाला लागायचे.

रुसण्याची कारणे ठरलेली असतात. डिस्कचा ड्रायव्हर ना कर्नेलच्या आत, ना इनिटरॅमएफएसमध्ये, असे झाले की काळ्या पडद्यावर 'अनेबल टू माउंट रूट एफएस' ही ओळ येते आणि खाली कर्नेल पॅनिक. सिक्युअर बूट चालू असेल तर घरी बांधलेल्या कर्नेलवर ओळखीची सही नाही म्हणून संगणक तो उघडायलाच नकार देतो. मग स्वतःची किल्ली तयार करून ती फर्मवेअरला ओळखायला लावावी लागते. आपल्या संगणकावर, मालक म्हणून, हे करता येते. हीच किल्ली पुढे गाडीच्या बाबतीत सगळा फरक पाडते.

पिंपरी-चिंचवड, भोसरी, चाकण पट्ट्यात अनेक कारखान्यांची साप्ताहिक सुटी गुरुवारी असते. मशीनला जोडलेल्या संगणकावर नवा कर्नेल चढवायचा तर तोच दिवस सोयीचा: दिवसभरात बसवा, रीबूट करा, 'युनेम -आर' विचारून आवृत्ती तपासा, प्रत्येक केबल लावून पाहा, रिकामा प्रोग्रॅम हवेत फिरवून बघा. शुक्रवारी पहिली पाळी येण्याआधी एक तर नवा कर्नेल चाललेला असतो, नाही तर जुना परत आलेला असतो.

मायक्रोसेकंदांचा हिशेब

पण तयार कर्नेल फुकट मिळत असताना वर्कशॉपवाल्याने हा उपद्व्याप करावाच कशाला? वेळेसाठी.

साधा कर्नेल सगळ्यांना न्याय देण्याच्या मागे असतो. एखाद्या कामाला हजारांश सेकंद उशीर झाला, तर ऑफिसच्या संगणकावर कोणाला कळतही नाही. मशीनवर कळते. समजा, एका छोट्या सीएनसी राउटरच्या स्क्रूचा पिच ५ मिमी आहे आणि स्टेपर मोटरला एका फेऱ्यासाठी २,००० पल्स लागतात. म्हणजे मिलिमीटरला ४०० पल्स. फीड मिनिटाला १,५०० मिमी ठेवला तर अक्ष सेकंदाला २५ मिमी सरकतो, आणि संगणकाला सेकंदाला १०,००० पल्स द्याव्या लागतात: दर १०० मायक्रोसेकंदांना एक. मध्येच कर्नेल दुसऱ्या कामात गुंतून एक मिलिसेकंद उशीर झाला, तर दहा ठोके चुकले. तेवढ्या वेळात अक्ष २५ मायक्रॉन पुढे जायला हवा होता. असे ठोके वेडेवाकडे पडले की मोटर ताल सोडते आणि मागे राहते. साध्या स्टेपरला परत खबर देणारा एन्कोडर नसतो, त्यामुळे कंट्रोलर मात्र सगळे बरोबर आहे असेच समजत राहतो. पत्ता लागतो तो जॉब रिजेक्ट झाल्यावर.

यावरचा उपाय म्हणजे रिअल-टाइम कर्नेल. लिनक्ससाठी 'प्रीएम्प्ट-आरटी' नावाने हे काम इंगो मोल्नार, थॉमस ग्लाइक्सनर आणि त्यांच्या सोबत्यांनी २००४-०५च्या सुमारास हाती घेतले. कर्नेल स्वतःच्या कामात असतानाही त्याला बाजूला सारून तातडीचे काम पुढे घेता आले पाहिजे, हा त्यामागचा विचार. त्यासाठी कर्नेलच्या आतली बहुतेक कुलपे बदलावी लागली, आणि हार्डवेअरकडून येणाऱ्या व्यत्ययांनाही प्राधान्यक्रमाच्या रांगेत उभे करावे लागले. वीस वर्षे हे बदल मुख्य कर्नेलच्या बाहेर पॅच म्हणून फिरत होते. ज्याला हवे त्याने नेमकी तीच आवृत्ती उतरवायची, तिच्यावर तोच पॅच चढवायचा आणि कर्नेल स्वतः बांधायचा. आकडा एकानेही चुकला तर पॅच बसत नसे. सप्टेंबर २०२४मध्ये व्हिएन्नात जमलेल्या परिषदेच्या वेळी ग्लाइक्सनर यांनी शेवटच्या तुकड्यांची विनंती कागदावर छापून, सोनेरी वेष्टनात गुंडाळून टोरवाल्ड्सच्या हाती दिली. १७ नोव्हेंबर २०२४ला प्रसिद्ध झालेल्या ६.१२ या कर्नेलपासून रिअल-टाइमचा पर्याय मेनूकॉन्फिगमध्येच मिळतो.

सीएनसीच्या जगात याचा सर्वांत परिचित ग्राहक म्हणजे लिनक्ससीएनसी. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेत, म्हणजे निस्टमध्ये, १९९०च्या दशकात लिहिलेल्या मशीन कंट्रोलरमधून ते वाढले. आता ते डेबियनमध्येच पॅकेज म्हणून मिळते. त्यासोबत एक लेटन्सी टेस्ट येते. ती चालू करून माणसाने संगणकाला मुद्दाम छळायचे असते: व्हिडिओ लावा, खिडक्या पडद्यावर गरगर फिरवा, मोठ्या फाइली कॉपी करा. इकडे सर्वांत वाईट उशीर किती, हा आकडा चढत जातो. वीस मायक्रोसेकंदांच्या आत राहिला तर उत्तम, तीस ते पन्नास चालण्यासारखा, शंभराच्या वर गेला तर त्या संगणकाकडून थेट पल्स काढण्याच्या भानगडीत पडू नये. कधी कधी दोष कर्नेलचा नसतोच. मदरबोर्डचे फर्मवेअर मध्येच प्रोसेसर ताब्यात घेते आणि कोणताही कर्नेल त्याला अडवू शकत नाही.

भोसरी आणि चाकणच्या मोठ्या शॉपमध्ये सहसा फानुक आणि सीमेन्सचे कंट्रोलर दिसतात, आणि तिथे कर्नेलला हात लावायचा प्रश्न येत नाही. तरी लिनक्स तिथेही आत शिरलेला आहे. जर्मनीच्या हायडेनहाइन कंपनीच्या टीएनसी कंट्रोलरमधली हेरॉस ही ऑपरेटिंग सिस्टिम लिनक्सवरच बांधलेली आहे. ऑपरेटरला मात्र दिसतो तो फक्त कंपनीचा पडदा.

कर्नेलला थांबवून बघणारे

कर्नेल बांधणे एक, त्यातली चूक शोधणे दुसरे. साधा प्रोग्रॅम बिघडला तर डीबगरने त्याला थांबवून आत पाहता येते. पण थांबवण्याचे काम ज्याच्याकडे असते तो कर्नेलच थांबला, तर पाहायचे कोणी आणि कसे? त्यावर 'केजीडीबी' हे उत्तर निघाले: दोन संगणक सीरियल केबलने जोडायचे, एकावरचा कर्नेल गोठवायचा आणि दुसऱ्यावर बसून त्याच्या आतली एकेक ओळ पुढे सरकवायची.

मुख्य कर्नेलमध्ये हे घ्यायला टोरवाल्ड्सचा उघड विरोध होता. डीबगर हाताशी असला की लोक कोड समजून घेण्याऐवजी लक्षणांवर मलमपट्टी करतात, असे त्याचे मत. त्यामुळे केजीडीबी वर्षानुवर्षे बाहेरचा पॅच म्हणून जगला, आणि त्यातली काही महत्त्वाची वर्षे त्याची देखभाल पुण्यातून झाली. लिनसिससॉफ्ट या पुण्याच्या छोट्या कंपनीतले अमित काळे हे त्याचे मेंटेनर होते. कर्नेलची नवी आवृत्ती आली की पॅच तिच्यावर बसवायचा, बांधून पाहायचा, जगभरातून आलेल्या दुरुस्त्या त्यात घ्यायच्या, असे ते काम. पुढे जेसन वेसल यांच्या हाती ते गेले आणि २००८च्या २.६.२६ या आवृत्तीत केजीडीबी मुख्य कर्नेलमध्ये दाखल झाला. आज कोणीही मेनूकॉन्फिगमध्ये तो पर्याय निवडतो, तेव्हा त्यामागे पुण्यातली ही वर्षेही आहेत.

गाडीतला कर्नेल कोणाचा?

आकुर्डीत तयार झालेली जुनी चेतक स्कूटर ज्यांनी चालवली त्यांना ती एका बाजूला तिरकी करून किक मारणे आठवत असेल. तिचे इंजिन रस्त्याकडेचा मेकॅनिकही उघडू शकत असे. आज त्याच आकुर्डीत तयार होणारी इलेक्ट्रिक चेतक फोनच्या अॅपशी बोलते. चाकणला तयार होणाऱ्या महिंद्राच्या एक्सईव्ही ९ईच्या डॅशबोर्डवर १२.३ इंचांचे तीन पडदे ओळीने मांडलेले आहेत. मर्सिडीज-बेंझची भारतातली जुळणी १९९५मध्ये टेल्कोच्या पिंपरीच्या आवारात सुरू झाली आणि २००९मध्ये चाकणला स्वतःच्या कारखान्यात गेली. तिच्या २०१८मध्ये आलेल्या एमबीयूएक्स या पडदा-प्रणालीच्या मुळाशी लिनक्स आहे. अँड्रॉइडवर चालणाऱ्या कोणत्याही गाडीच्या पडद्यामागेही तोच.

गाडीसाठीचा कर्नेल लॅपटॉपसारखा बांधत नाहीत. गाडीतली चिप बहुधा एआरएम जातीची, बांधणारा सर्व्हर इंटेल किंवा एएमडीचा; म्हणून क्रॉस-कंपायलर वापरावा लागतो, जो एका जातीच्या प्रोसेसरवर बसून दुसऱ्या जातीसाठी कोड तयार करतो. बोर्डवर कुठली चिप कुठल्या तारेला आहे हे कर्नेलला सांगायला डिव्हाइस ट्री नावाची वेगळी फाइल लिहावी लागते. आणि एकट्या कर्नेलने भागत नाही. योक्टोसारख्या साधनाला कृतींची जंत्री दिली की ते कर्नेल, लायब्ररी, प्रोग्रॅम सगळे सोर्सपासून बांधून एकच प्रतिमा तयार करते.

इथे जीपीएल पुन्हा पुढे येतो. गाडी विकली म्हणजे तिच्यातला कर्नेलही वाटला, आणि वाटला म्हणजे सोर्स मागायचा हक्क गाडीवाल्याला मिळाला. हा हक्क कागदावरचाच नाही. २०१६मध्ये ब्रिटनमधल्या टेरेन्स ईडन यांनी आपल्या बीएमडब्ल्यू आय३ गाडीतल्या मुक्त सॉफ्टवेअरचा सोर्स मागितला, आणि कंपनीने डीव्हीडी पाठवून दिली. टेस्लाने बरीच वर्षे झालेल्या पाठपुराव्यानंतर मे २०१८मध्ये आपल्या गाड्यांमधल्या कर्नेलचा काही सोर्स खुला केला. अनेक गाड्यांच्या सेटिंग्जमध्ये खोलवर 'ओपन सोर्स लायसन्सेस' असे एक पान असते. त्यावर बोट ठेवले की शेकडो नावांची यादी सरकू लागते.

मग गाडीवाला तो सोर्स घेऊन, बांधून, आपल्या गाडीत बसवू शकतो का? बांधू शकतो. बसवू शकत नाही. गाडीचे हार्डवेअर फक्त कंपनीच्या किल्लीने सही केलेला कर्नेल उघडते, आणि लॅपटॉपसारखी आपली किल्ली तिथे नोंदवता येत नाही. अशी कुलूपबंदी टाळण्यासाठी २००७च्या जीपीएलच्या तिसऱ्या आवृत्तीत कलमे घातली गेली. टोरवाल्ड्सने ती नाकारली आणि कर्नेल दुसऱ्याच आवृत्तीखाली राहिला. कोड परत द्या एवढेच मागणे आहे, हार्डवेअर कसे बनवायचे ते ज्याचे त्याने पाहावे, असे त्याचे म्हणणे. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर शेजारच्या लेनमधून धावणाऱ्या गाडीत कोणीतरी रात्री घरी बांधलेला कर्नेल आहे ही कल्पना फारशी सुखाची नाही, हेही तितकेच खरे.

नियमांचा कलही तिकडेच आहे. संयुक्त राष्ट्रांच्या आर१५६ या नियमानुसार कंपनीला गाडीतल्या सॉफ्टवेअरच्या प्रत्येक बदलाचा हिशेब ठेवावा लागतो: कोणती आवृत्ती, कोणत्या गाडीत, आणि त्याने मंजुरीच्या अटींना धक्का लागला का. युरोपीय संघात जुलै २०२४पासून सगळ्या नव्या गाड्यांना हा नियम लागू झाला. भारतात सायबर सुरक्षेसाठी एआयएस-१८९ आणि सॉफ्टवेअर अपडेटसाठी एआयएस-१९० ही मानके त्याच धर्तीवर तयार झाली. वाहनांची चाचणी करणाऱ्या एआरएआयचे चाकणलाही केंद्र आहे.

यात एक गणित मात्र जुळत नाही. महाराष्ट्रात खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते. व्हीएमसी त्याहून जास्त वर्षे राबते. कर्नेलच्या दीर्घ मुदतीच्या आवृत्तीला दुरुस्त्या मिळतात त्या साधारण दोन वर्षे, काहींना थोड्या जास्त. ही दरी भरून काढायला २०१६मध्ये लिनक्स फाउंडेशनच्या छत्राखाली सीमेन्स, हिताची, तोशिबा अशा कंपन्यांनी 'सिव्हिल इन्फ्रास्ट्रक्चर प्लॅटफॉर्म' सुरू केला. निवडक कर्नेल घेऊन त्यांना किमान दहा वर्षे सुरक्षेच्या दुरुस्त्या पुरवायच्या, हे त्याचे काम. वीजकेंद्रे, रेल्वे, कारखाने हे त्याचे अपेक्षित ग्राहक.

दहा वर्षांनी दुरुस्ती चढवायची तर दहा वर्षांपूर्वीचा कर्नेल जसाच्या तसा पुन्हा बांधता आला पाहिजे. म्हणून जपून ठेवायच्या वस्तूंत एकटा सोर्स पुरत नाही. कॉन्फिग फाइल, पॅच, कंपायलरची नेमकी तीच आवृत्ती आणि बांधणीच्या स्क्रिप्टही लागतात. कर्नेल आपल्या पोटात बांधणीची तारीख, वेळ आणि बांधणाऱ्याचे नाव नोंदवून ठेवतो. ती मूल्ये बाहेरून ठरवून दिली की दोन वेगळ्या संगणकांवर बांधलेल्या प्रतिमांचा हॅश एकच यायला हवा. नाही आला, तर गाडीत बसलेला कर्नेल आणि कपाटातला सोर्स यांत कुठेतरी तफावत आहे, आणि ती शोधूनच पुढचा पॅच लावावा लागतो.